जड सामान

सकाळी बाईंनी केंद्राचं दार उघडलं, तर उंबऱ्यात एक सोफा उभा. तपकिरी, तिघांचा, एका पायाखाली विटेचा तुकडा.

“अहो, बाहेर या. आज माणसांऐवजी नुसता सोफाच आलाय.”

मास्तर लगबगीनं आले. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका काढून झाल्यावर आता जगाच्या चुका काढाव्यात, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मिशनच्या परदेशातल्या प्रवचन केंद्रासाठी अर्ज केला होता. अर्जात ‘सपत्नीक’ असं लिहिलं होतं. पत्नीला ते विमानाची तिकिटं आल्यावर कळलं.

आठ महिन्यांत केंद्रात चार माणसं आली. दोघं हीटरपाशी हात शेकायला, एक पत्ता विचारायला आणि एक गॅसचा मीटर बघायला. मीटरवाल्याला मास्तरांनी मनःशांतीवर पाऊण तास ऐकवलं. त्या महिन्यापासून तो रीडिंग अंदाजानंच लिहू लागला.

अशात मुख्यालयातून पत्र आलं. रविवारी स्वतः प्रमुख येणार. माणसं दिसली नाहीत तर केंद्र बंद. मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. बाईंनी मात्र हळूच घरी लेकीला फोन करून धाकट्या नातवाची खोली मोकळी आहे का, ते विचारून घेतलं.

मास्तर हार मानणारे नव्हते. सोफा आला त्याच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी दाराबाहेर मोठा फलक लावला होता. मजकूर त्यांचा, इथल्या भाषेतलं भाषांतर मोबाइलचं.

दुपारपर्यंत सोफ्याच्या सोबतीला तीन गाद्या, एक कपाट आणि बंद पडलेलं वॉशिंग मशीन आलं. कपाट घेऊन आलेल्या गृहस्थांनी तर मास्तरांना मिठीच मारली.

शेवटी शेजारचा न्हावी धावत आला. तो आपल्याकडचाच, वीस वर्षांपूर्वी इथे येऊन स्थिरावलेला.

“मास्तर, फलकावर काय लिहिलंय माहितीये का?”

“‘मनावरचं ओझं इथे आणून टाका. ते आम्ही वाहू. मोफत.’”

“मनबिन काही नाही त्यात! ‘जड सामान इथे आणून टाका. आम्ही वाहून नेऊ. मोफत.’ अहो, इथे जुना सोफा टाकायचा तर नगरपालिकेत अर्ज करून महिनाभर वाट बघावी लागते. अख्ख्या गल्लीला तुम्ही देवासारखे भेटलात!”

फलक तत्काळ उतरवला, पण तोवर त्याचा फोटो गावभर फिरला होता. शुक्रवारी स्वयंपाकघरात जायला दोन पलंग ओलांडावे लागत होते. मास्तरांनी नगरपालिकेला फोन केला. सव्वीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

“झालं! प्रमुख येणार आणि मी त्यांना भंगाराचं गोदाम दाखवणार!”

बाईंनी पदर खोचला. “दुसरा फलक लावा. ‘लागेल ते घेऊन जा. रविवारी दहा वाजता. आधी प्रवचन, मग सामान.’ आणि या खेपेला शेजारच्या न्हावीदादांकडून लिहून घ्या, मोबाइलकडून नको.”

“अगं, पण हे तर आमिष झालं!”

“आठ महिने आमिषाशिवाय बसलात ना? काय लागलं गळाला? मीटरवाला! तोही सुटला.”

रविवारी नव्वद माणसं आली. ज्याला जे हवं होतं तो त्यावर बसला आणि जागचा हलेना. जो उठेल त्याची वस्तू जाईल, हे लहान पोरालाही कळत होतं. प्रमुख आले आणि ती निश्चल सभा पाहून थक्कच झाले.

“मास्तर, एवढी एकाग्रता मी मुख्यालयातसुद्धा पाहिली नाही!”

त्यांनी विषय निवडला त्याग. न्हावी भाषांतराला उभा राहिला. प्रमुखांच्या दहा वाक्यांना त्याचं एक, कारण त्याला दुकान उघडायचं होतं. अखेर प्रमुखांनी दोन्ही हात उंचावले. “इथलं काहीही आपलं नाही! उठा, आणि मोकळ्या मनानं निघा!”

“उठा, घ्या आणि निघा,” न्हाव्यानं थोडक्यात सांगितलं.

दहा मिनिटांत केंद्र झाडून साफ! दाराशी ठेवलेली प्रमुखांची चाकांची बॅगसुद्धा कुणीतरी नेली.

“माझी बॅग!” त्यागमूर्ती ओरडली आणि नुसत्या मोज्यांवर रस्त्यानं धावली. मागे मास्तर, त्यांच्या मागे न्हावी, शेवटी बाई.

दुसऱ्या वळणावर एक आजीबाई सापडल्या. एका हातात बॅग, शेजारी फुटपाथवर कुणीतरी तिथवर आणून दिलेला पलंग. बॅग त्या सोडेनात.

“म्हणतायत, तासभर प्रवचन ऐकलंय, फुकट नाही नेत,” न्हाव्यानं सांगितलं. “पण पलंग वर पोचवलात तर बॅग देतील. चौथा मजला. लिफ्ट नाही.”

प्रमुखांनी बॅगेकडे पाहिलं, मग पलंगाकडे. मग एक कोपरा धरला.

तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवरच बसले. मास्तरांना राहवेना. “साहेब, मग केंद्राचं काय ठरवलंत?”

“नव्वद माणसं!” प्रमुख धापा टाकत म्हणाले. “बंद कसं करणार? दोन वर्षं वाढवतो. आता तोंड बंद करा आणि तुमची बाजू उचला.”

मागून उशा घेऊन चढणाऱ्या बाई क्षणभर थबकल्या. मग उशा सावरून चढू लागल्या.

पलंग वर लागला, बॅग परत मिळाली. आजीबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि प्रमुखांचा दंड चाचपून पाहत न्हाव्याला काहीतरी विचारलं.

“विचारतायत, पुढच्या रविवारी हेच साहेब येणार का? त्यांच्या बहिणीचं कपाट न्यायचंय. सहाव्या मजल्यावर.”

प्रमुख तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “सांगा, येतील म्हणून. दोन वर्षं दर रविवारी येतील.”