आधी वास, मग सलाम

आमच्या शेजारच्या फरीदा भाभी दारात आलेल्या माणसाचं तोंड बघत नाहीत. आधी वास घेतात. "अत्तर? जा, हात-मान धुऊन या." नवरा दूरच्या इब्रा गावातल्या दुकानातून आठवड्यानं घरी येतो, त्या बिचाऱ्याचीही सुटका नाही. इथं आखातात, दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोबान, उदबत्ती नि मिक्सर हे सगळं भाभींच्या परवानगीनं चालतं.

कारण त्यांची झोया. सात वर्षांची, ऑटिस्टिक. उग्र वास, गोंगाट, अचानक लागलेला हात, काहीच तिला सोसत नाही. भाभी पूर्वी मुंबईच्या कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवायच्या. झोया किंचाळायला लागली, की त्या शांतपणे म्हणतात, "हा हट्ट नाय, हा निरोप आहे." हे वाक्य त्या सगळ्या जगाला लावतात. भाजी अळणी झाली म्हणून आमच्या ह्यांनी ताट सरकवलं, तर म्हणे, "नलू, निरोप समजून घे." निरोप कसला डोंबलाचा!

भाभींची एकच इच्छा होती. झोयानं ईदला एकदा तरी चार माणसांत येऊन बसावं. यंदा त्यांनी आम्हाला महिनाभर पढवलं. अत्तर नको, मोठ्यानं हसणं नको, आणि गळाभेट तर मुळीच नको. ईदला गळाभेट नाही म्हणजे काय! रत्नागिरीहून आलेल्या भाभींच्या सासूबाई गाल फुगवून बसल्या. आम्ही बाकीचे हाताची घडी घालून बिर्याणीकडे बघत होतो.

आणि झोया आली. सरळ येऊन गादीवर बसली, तिचा पांढरा भात खायला लागली. मग मान वर करून म्हणाली, "ईद मुबारक."

भाभी धावल्या आणि त्यांनी पोरीला कवटाळलं.

झोया अशी किंचाळली, की ताट उडालं. कान दाबून ती आतल्या खोलीत पळाली. तिचे अब्बा दाराशी जाऊन बसले, तिच्याशी हळूहळू बोलत राहिले. थोड्या वेळानं ती शांत झाली.

भाभी सांडलेला भात वेचत होत्या. "सगळ्यांना शिकवलं गो," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातांनी ऐकलं नाय. पोटची पोर आहे, नलू."

मिठीची बंदी त्या घरात आईलाही होती, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला भडभडून आलं. मी त्यांना जवळ ओढलं. भातानं भरलेले हात तसेच माझ्या पाठीवर टाकून भाभी रडल्या, आणि कितीतरी वेळ मला सोडेचनात.