केरव्हेला मास्तरांची क्रुकी

सोमवारी सकाळी सहाला केरव्हेला मास्तर लाटण्याने लोणी बडवत होते. आवाजाने जाग आलेली त्यांची बायको मिरेय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"भिंत पाडतोयस का, आर्माँ?"

"लोण्याची चादर करतोय. पिठाच्या घडीत घालायला."

"क्रोसाँ? घरी?" मिरेयने डोळे चोळले. "जिना उतरलास की चाळीस पावलांवर बेकरी आहे. या गल्लीत आजवर कुणी घरी क्रोसाँ केलेला नाही."

"बेकरी सोमवारी बंद असते. आणि क्रोसाँ नाही, क्रुकी. सोलेनसाठी."

मुलीचं नाव ऐकल्यावर मिरेय ओट्याकडे वळली. तिने कॉफी ठेवली.

प्रकरण चार महिन्यांपूर्वीचं होतं. सोलेनने पाच वर्षं कायदा शिकून ते सगळं सोडून दिलं आणि पॅरिसच्याच एका बेकरीत उमेदवारी धरली. ही बातमी तिने रविवारच्या जेवणात, मामा-मामींच्या देखत सांगितली. बेकरीत काय करतात, असं मामीने विचारलं, तर म्हणाली, क्रुकी. म्हणजे पापुद्र्यांचा लोणीदार क्रोसाँ मधोमध चिरायचा, आत चॉकलेटच्या कुकीचं कच्चं पीठ भरायचं, वरही थापायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. आख्खं पॅरिस त्यासाठी रांगा लावतंय. मास्तरांना स्वतःचा विनोद आवरत नसे. ते म्हणाले, "म्हणजे एवढा कायदा शिकून आमची पोरगी आता बिस्किटाला कोट चढवणार." सगळे हसले. सोलेनही हसली, नॅपकिनची नीट घडी केली आणि स्वतःचा कोट घालून निघून गेली. त्यानंतर ती आईला फोन करायची, घरी येत नव्हती. आज दुपारी मात्र येणार होती. मिरेयने ते कसं जमवलं, हे मास्तरांनी विचारलं नव्हतं.

"नुसतं सॉरी म्हणाला असतास तरी चाललं असतं," कॉफी ओतत मिरेय म्हणाली.

"माफी मागायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून विनोदच बाहेर पडतो. म्हणून म्हटलं, यावेळी हातांनी मागू."

हात तयार होते, लोणी नव्हतं. मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. उष्णतेने पदार्थाचं काय होतं, हे त्यांनी हजारो मुलांकडून घोकून घेतलं होतं. आता तेच ज्ञान त्यांच्या डोळ्यांदेखत पिठाच्या कडांमधून पाझरून ओट्यावर ओघळत होतं. स्वयंपाकघरात पंचवीस अंश होते. इमारतीचं हीटिंग सगळ्यांचं एकत्र, ते आपल्या घरापुरतं बंद करता येत नसे. गेल्या हिवाळ्यात 'आम्ही गारठून मरतोय' अशी तीन खरमरीत पत्रं इमारतीच्या कमिटीला लिहून हीटिंग वाढवून घेणारे गृहस्थ स्वतः मास्तरच.

"फ्रिजमध्ये ठेव," मिरेय म्हणाली.

"फ्रिजमध्ये तुझा मासा आडवा झोपलाय. ट्रे मावत नाही."

मग मास्तरांनी खिडकी उघडली. बाहेर फेब्रुवारी होता, म्हणजे फुकटचा फ्रिज. पिठाची लादी फडक्यात गुंडाळून ट्रेसकट त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि 'अर्धा तास विश्रांती' असं पाककृतीच्या पुस्तकात होतं म्हणून स्वतःही खुर्चीत विसावले. ट्रेला लोणी लागलेलं होतं आणि कठड्याला बाहेरच्या बाजूला उतार होता, तेव्हा पुढे काय होणार ते त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. मास्तर उठून बघतात तो ट्रे जागेवर आणि लादी गायब.

ती बरोबर एक मजला खाली, तेसाँदिए यांच्या बाल्कनीत पडली होती. तेसाँदिए म्हणजे इमारत कमिटीचे अध्यक्ष. ती तिन्ही पत्रं त्यांच्याच नावे गेली होती.

मास्तर एप्रनवरच खाली गेले. दार उघडलं तेव्हा तेसाँदिए फोनवर बोलत होते. "हो, भिंतीचं प्लास्टर. मोठा तुकडा. एखाद्याच्या डोक्यात पडला असता... थांबा जरा." त्यांनी मास्तरांच्या पिठाळ हातांकडे पाहिलं. "तुमचं काय काम आहे, केरव्हेला?"

"तुमच्या बाल्कनीत जे प्लास्टर पडलंय, ते माझं आहे."

"तुमचं प्लास्टर?"

"माझे क्रोसाँ. म्हणजे होणार होते."

तेसाँदिए यांनी फोन ठेवला. ते हसले नाहीत, त्यामुळे मास्तरांना जास्तच लाज वाटली. "पण खिडकीत कशाला ठेवलंत?"

"घरात फार उकडतं."

अध्यक्षांनी दार पूर्ण उघडून त्यांना आत घेतलं. हा क्षण पुरवून खायचा, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. "उकडतं," ते शांतपणे म्हणाले. "हे जरा लेखी द्याल?"

मास्तरांनी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहून दिलं की चौथ्या मजल्यावर असह्य उकाडा आहे. सही केली, कागदावर लोण्याचा अंगठाही उमटला. मग लादी छातीशी धरून ते वर आले. तिला कुंडीतली माती लागली होती ती खरवडली. एक मात्र झालं होतं, लोणी मस्त घट्ट झालं होतं.

आता हात लवकर चालवायला हवे होते. त्यांनी लाटलं, घड्या घातल्या, त्रिकोण कापले, गुंडाळले. चांगले आठ क्रोसाँ झाले, आणि ते दिसायलाही बरे होते. मास्तरांना स्वतःचा अभिमान वाटला आणि तिथेच घात झाला. पीठ लवकर फुगावं म्हणून त्यांनी ट्रे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवला. तासाभराने घडीघडीतलं लोणी ट्रेमध्ये उतरलं होतं. तसेच क्रोसाँ भट्टीत गेले आणि स्वतःच्याच लोण्यात तळले गेले. धूर झाला, अलार्म वाजला. मिरेयने खुर्चीवर चढून तो बंद केला आणि ट्रेकडे पाहिलं.

"चपटा सोल मासा छान तळला गेलाय," ती म्हणाली. "पण मी तर कॉड आणला होता."

पावणेबारा वाजले होते. सोलेन एक वाजता येणार होती. कुकीचं पीठ तेवढं मास्तरांना नीट जमलं होतं, पण भरायचं कशात? कोट चढवून ते बाहेर पडले. गल्लीतली बेकरी बंद, पुढची बंद, तिसरीपुढे 'वार्षिक सुट्टी' अशी पाटी. चौथ्या बेकरीत ताजे क्रोसाँ संपले होते. कालचे सहा उरले होते, मऊपणा गेलेले. ते पिशवीत घालून मास्तर असे परतले की बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी उचलून आणलंय. चिरले, भरले, वर पीठ थापलं, भट्टीत घातले. बारा मिनिटांत घरभर विकतच्या क्रोसाँचा असा खमंग वास सुटला की मास्तरांना स्वतःचाच राग आला. जळके आठ त्यांनी ताटाखाली झाकून ओट्याच्या कोपऱ्यात लपवले.

सोलेन आली. गाल आत गेले होते, मनगटावर भट्टीचा चटका होता. जेवण अगदी सभ्यपणे पार पडलं, पाहुण्यांबरोबर पडतं तसं. मग मास्तरांनी क्रुकी आणून ठेवल्या. सोलेन त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"बाबा, क्रोसाँ कालचे आहेत ना?"

मास्तरांना आपण फळ्यापाशी उभे आहोत आणि गणित चुकलंय असं वाटलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं: लोणी, खिडकी, अध्यक्ष, सही, धूर, चार बेकऱ्या. "करायला गेलो माफी आणि झाली लबाडी. मला बिस्किटाला कोटसुद्धा शिवता येत नाही, सोलेन. तोसुद्धा कालचा विकत आणला."

"कालचेच घ्यायचे असतात," ती म्हणाली. "ताजे आतून लगदा होतात. आम्हीही कालचेच घेतो. ही क्रुकी अगदी बरोबर झालीये."

"मग मी सकाळी सहापासून काय करत होतो?"

"ते बघू दे."

नको म्हणत म्हणत मास्तरांनी ताट उचललं. सोलेनने एक जळका तुकडा मोडला, आतले पापुद्रे उजेडात धरून मोजले आणि पुन्हा मोजले. बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"तीन घड्या पडल्यात. नीट पडल्यात. मला अजून एकही घालू दिलेली नाही."

"म्हणजे?"

"चार महिने मी शिळे क्रोसाँ चिरतेय, बाबा. चिरायचं, भरायचं, थापायचं. क्रोसाँच्या पिठाला हात लावायचा नाही. तू त्या दिवशी म्हणालास ना, बिस्किटाला कोट, तेवढंच काम आहे. मी रागावले म्हणून येत नव्हते असं वाटलं तुला? तू विचारशील, काय शिकलीस, म्हणून येत नव्हते."

मिरेयने बशा गोळा करायला घेतल्या होत्या, त्या तशाच हातात राहिल्या. मास्तरांच्या जिभेवर एक चांगला विनोद आला होता. तो त्यांनी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असावं.

"मैदा अजून अर्धा किलो उरलाय," ते म्हणाले. "चल, दाखवतो कसं बिघडवायचं ते. त्यात माझा हात धरणारं या इमारतीत कुणी नाही."

सोलेनने बाह्या सरसावल्या. "आधी खिडकी उघड," ती म्हणाली, "आणि यावेळी पीठ आत ठेव."