मधल्या भिंतीतला एसी

"सर, भिंतीला भगदाड पाडायलेत!"

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली शिवकन्या धापा टाकत स्टाफरूमच्या दारात उभी होती. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख सोमेश्वर हालगे कपातला चहा तसाच टाकून धावले. पाहतात तो काय, त्यांची प्रयोगशाळा आणि शेजारची संस्थेच्या अध्यक्षांची केबिन यांच्या मधली भिंत सुग्रीव मिस्त्री छिन्नीनं फोडत होता. पायाशी खोक्यात नवाकोरा एसी होता. प्रयोगशाळेसाठी मंजूर झालेला, सोमेश्वरांनी विद्यापीठाचे उंबरे झिजवून आणलेला एसी!

एसी त्यांना स्वतःच्या अंगासाठी नको होता. देशानं नुकतीच बाहेरच्या मालाला दारं उघडली होती आणि त्या दारातून एक जर्मन यंत्र थेट परळीच्या या कॉलेजात येऊन पोचलं होतं. यंत्र मोठं नाजूक. खोली गार असली की हिरवा दिवा लावून मुकाट काम करायचं, खोली तापली की लाल दिवा लावून रुसून बसायचं. मे महिन्यात विद्यापीठाची समिती येणार होती. यंत्र चालताना दिसलं तरच इथं एम.एस्सी. सुरू होणार होतं. शिवकन्येच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, "परळीत असंल तर शीक. औरंगाबादला न्हाई." म्हणजे हिरवा दिवा लागला नाही तर या हुशार मुलीचं शिक्षण संपलं. सोमेश्वरांना त्या विचारानंच झोप येत नव्हती.

ते तरातरा केबिनमध्ये शिरले. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, खुर्चीत बसून छिन्नीचे घाव कौतुकानं ऐकत होते.

"अण्णा, एसी मधल्या भिंतीत कावून बसवताय?"

"एसी एक, खोल्या दोन," अण्णा म्हणाले. "मधी बसवला की दोन्हीकडं गार. आपल्या हॉस्टेलात दोन खोल्यांच्या मधी भोक पाडून एकच बल्ब लावलाय का न्हाई? दोन्हीकडं उजेड पडतोय. पोरं तिथंच शिकून साहेब झाली."

"अण्णा, बल्ब निराळा, एसी निराळा! एसी उष्णता नाहीशी करत नाही. इकडची उचलतो नि तिकडं टाकतो. एका बाजूला गार झालं की दुसऱ्या बाजूला गरम होणारच. निसर्गाचा नियमच आहे तो."

"नियम कोणाचा? विद्यापीठाचा?" अण्णांनी चष्मा वर केला. "मग कायला घाबरताय? तिथं आपला माणूस हाय."

विज्ञान महाविद्यालयाच्या अध्यक्षानं असं बोलावं! सोमेश्वरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण अण्णांचंही चूक नाही," आणि फायलीत डोकं खुपसलं.

एसी बसला. तोंड अण्णांकडे, पाठ सोमेश्वरांकडे. केबिनमध्ये गारेगार वाऱ्याची झुळूक सुटली आणि प्रयोगशाळेत भट्टी पेटली. बाहेर एप्रिलचं ऊन, खिडकीसमोर थर्मल वीजकेंद्राची धुराडी, खिडकीच्या कट्ट्यावर राखेचा थर, आणि वर ही गरम फुंकर! भरीला एसीच्या पाठीतून टपटप पाणी गळायला लागलं. त्याखाली बादली ठेवायचं कामही भौतिकशास्त्र विभागाकडेच आलं. यंत्राचा लाल दिवा ढणढण पेटला तो विझेचना.

तिकडे केबिनला मात्र जत्रेची कळा आली. अण्णांचे कार्यकर्ते कामं काढून येऊ लागले. धारूरहून आलेले पाहुणे दुपारची वामकुक्षी तिथंच उरकू लागले. एका लग्नाच्या बासुंदीचं पातेलंही रात्रभर केबिनमध्ये मुक्कामाला होतं. आणि पातेलं गार ठेवणारा तो एसी भौतिकशास्त्राच्या अनुदानातला! सोमेश्वरांचा नुसता संताप संताप झाला.

समिती चार दिवसांवर आली तेव्हा ते अण्णांना हाताला धरून लाल दिव्यापुढे घेऊन आले.

"लाल हाय," अण्णा म्हणाले. "पण पेटतोय ना? मग झालं की!"

"अण्णा, हा लाल राहिला तर एम.एस्सी. मिळत नाही. आणि एम.एस्सी. शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज घेऊन जाईल."

शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज अण्णांच्या विरोधकाचं होतं. उष्णतेच्या नियमानं जे झालं नाही ते या वाक्यानं झालं.

"मग करायचं काय?"

"एसी उलटा फिरवायचा. तोंड इकडं, पाठ तिकडं."

"म्हंजी आमी भाजायचं?"

"एका दिवसापुरतं, अण्णा. फक्त समितीचा सत्कार तुमच्या केबिनमध्ये ठेवू नका. सभागृहात ठेवा."

"ते जमायचं न्हाई," अण्णा ठामपणे म्हणाले. "पाव्हण्याचा सत्कार आपल्या केबिनीतच होत असतो. मुख्यमंत्र्यासंगचा फोटू तिथं हाय."

समितीच्या दिवशी सकाळी सुग्रीव मिस्त्रीनं एसी फिरवला. प्रयोगशाळा हळूहळू गार झाली आणि यंत्राचा दिवा हिरवा झाला. शिवकन्येनं आनंदानं टाळ्याच वाजवल्या. सोमेश्वरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दिवा हिरवाच आहे याची खात्री केली.

औरंगाबादहून जीपनं आलेले समितीचे तीन सभासद आधीच उन्हानं शिजले होते. अण्णांनी त्यांना थेट केबिनमध्ये नेलं. तिघांच्या डोक्याला भरजरी फेटे बांधले, खांद्यावर लोकरीच्या शाली घातल्या, हातात नारळ दिले. मागून एसीची पाठ फुंकत होती.

"बंकट, दार लाव बे," अण्णांनी शिपायाला फर्मावलं. "एसीची खोली हाय, उघडी ठेवू नये."

दार लागलं. अण्णांचं भाषण सुरू झालं. संस्थेची स्थापना, अण्णांच्या वडिलांचा त्याग, अण्णांचा स्वतःचा त्याग. समितीच्या प्रमुखांच्या फेट्यातून घामाची धार निघाली आणि नाकावरून नारळावर ठिबकू लागली. शाल काढावी तर यजमानाचा अपमान. दुसऱ्या सभासदांनी डोळे मिटले. ते अण्णांना एकाग्रतेचं लक्षण वाटलं आणि त्यांनी त्यागाचा भाग आणखी खुलवला.

"आम्हाला... प्रयोगशाळा पाहायचीय," प्रमुख कसेबसे म्हणाले. "आत्ता. लगेच."

प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि तिघांच्या तोंडून एकदमच "अहाहा" निघालं. ते स्टुलांवर बसले ते उठेचनात. प्रमुखांनी यंत्राबद्दल विचारायचं ते सगळं विचारलं, मग तेच पुन्हा विचारलं. जेवण तयार असल्याचा निरोप आला तर म्हणाले, "इथंच आणा." अहवालही तिथंच लिहिला. "इतकी उत्तम प्रयोगशाळा मराठवाड्यात पाहिली नाही," असं त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. अण्णा कोपऱ्यात उभे राहून खोलीभर नजर फिरवत होते. अण्णांना शेवटी विज्ञानाचं महत्त्व पटलं, असं वाटून सोमेश्वरांना भरून आलं. या माणसाला आपण उगाच इतक्या शिव्या घातल्या, असंही त्यांना वाटून गेलं.

जूनमध्ये एम.एस्सी.ची मंजुरी आली. सोमेश्वर उन्हाळी सुट्टीनंतर पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजात आले आणि प्रयोगशाळेच्या दारात थबकले. दारावर पितळी पाटी होती : "सुंदरराव, अध्यक्ष". आत त्यांचं टेबल, मुख्यमंत्र्यांबरोबरचा फोटो आणि गार वाऱ्यात अण्णा. शेजारच्या जुन्या केबिनवर खडूनं लिहिलं होतं, "भौतिकशास्त्र". आत जर्मन यंत्र लाल दिवा लावून बसलं होतं आणि एसीची पाठ त्याच्यावर फुंकत होती. बादलीसुद्धा कोणीतरी आठवणीनं आणून ठेवली होती.

"अण्णा, हा काय अन्याय आहे!" सोमेश्वर पेढ्यांसकट ओरडले. "एका दिवसानं एसी परत फिरवायचं ठरलं होतं आणि तुम्ही खोल्याच बदलल्या?"

"सर, तुमचा नियम लई खरा हाय बरं का," अण्णा पेढा घेत म्हणाले. "आमी दोन्ही बाजूला बसून बघितलं. पण मशीन कावून घडीघडी फिरवायची? खराब व्हती. त्यापरीस माणसं फिरवावीत."

"आणि आमचा हिरवा दिवा?"

"समिती आता पाच वर्सांनी येणार. तवा बघू."

एम.एस्सी.चा पहिला वर्ग त्या खोलीतच भरला. पहिल्या बाकावर शिवकन्या होती. सोमेश्वरांनी घामानं ओल्या झालेल्या हातानं फळ्यावर उष्णतेचा नियम लिहिला. उष्णता आपण होऊन गार जागेकडून गरम जागेकडे जात नाही.

शिवकन्येनं हात वर केला. "पण सर, हितं तर जायलीय."

"आपण होऊन जात नाही म्हटलं मी," सोमेश्वर चिडून म्हणाले. "बाहेरून कोणीतरी जोर लावला तर जाते."

सगळा वर्ग वह्यांनी वारा घेत मधल्या भिंतीकडे पाहू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला.

"बंकट, शाल आण बे. लई गारठा सुटलाय!"