जलविद्युत केंद्राला पाणी

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्याखाली जलविद्युत केंद्र बांधून पूर्ण झालं. इमारत, पाइप, चाक, नावांचा फलक, सगळं जागच्या जागी होतं. पाणी तेवढं नव्हतं. तलाव आटला होता आणि उद्‌घाटनाची तारीख वरून येऊन पडली होती.

म्हणून उपअभियंता देगावकर भर उन्हात रूपसिंगाच्या दारात आले नि म्हणाले, "थोडं पाणी द्याल का?"

पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची तांड्यात रीत नाही. "लागंल तेवढं घ्या की सायेब!" म्हणत रूपसिंगानं तांब्या पुढं केला. साहेबांनी तो रिकामा केला, तोंड पुसलं आणि विहिरीकडं बोट दाखवलं. रूपसिंगानं शेताकडं पाहिलं. गहू ओंबीवर होता. शेवटचं एक पाणी मिळालं तर दाणे, नाहीतर नुसतं काड. पण शब्द तर जाऊन बसला होता.

"अन् मोटारीला लाइट कुठं हाय?" त्यानं धडपड केली.

"वीजनिर्मितीसाठी वीज मंजूर झाली आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तुमची मोटार पाणी वरच्या टाकीत चढवील. तिथून ते पाइपातून जोरात खाली येईल, चाक फिरेल, चाकाला जोडलेलं जनित्र वीज तयार करील."

"किती?"

"तुमची मोटार चालेल, जवळजवळ तेवढी."

त्याची बायको नीलाबाई घरातून कडाडली, "म्हंजी आमचंच पाणी वर न्यायचं अन् खाली सांडायचं? काहून?"

"बाई, याला स्वयंपूर्णता म्हणतात."

जन्मात कधी नव्हे ती वीज रात्रंदिवस आली. पाणी चाक फिरवून खालच्या ओढ्याला लागलं, शेत राहिलं वर माळावर. उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भरदुपारी कळ दाबली, दिवा लागला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. रूपसिंगानंही वाजवल्या, चारचौघांत बरं दिसतं.

मग तो शेताकडं पळाला. मोटार सुरू केली, तर ती कोरडीच घरघरली. विहिरीला तळ लागला होता. तो तसाच माघारी आला.

"सायेब, लाइट हाय, पण पाणी न्हाई!"

"तुम्ही चुकीच्या खात्याकडं तक्रार करताय," साहेब गाडीत बसत म्हणाले. "आम्ही फक्त वीज बघतो."

गहू करपला. नीलाबाईनं त्यात शेळ्या सोडल्या आणि बांधावर बसून ढसाढसा रडली.

त्या दिव्याचा फोटो मात्र मोबाइलवर गावोगाव फिरला. पाहुण्यांच्या मागं पिवळा पडलेला गहू स्वच्छ दिसत होता. तुम्हीही तो पाहिलात, अंगठा दाबलात, 'अभिनंदन' लिहिलंत आणि पुढचा फोटो बघायला लागलात.