पहिल्या भाकरीची घटनादुरुस्ती

ज्या घरात भाकरीचा क्रम ठरलेला असतो, त्या घरात शांतता नांदते. देशाला राज्यघटना लागते, सोसायटीला उपविधी लागतात. पेठ गावच्या सयाजीच्या घराला मात्र एकच कलम पुरत होतं. पहिली भाकरी गायीची, शेवटची कुत्र्याची, मधल्या सगळ्या सयाजीच्या. पुढं गाय विकली, तेव्हा तिचे सर्व हक्क आपोआप सयाजीकडे वर्ग झाले. (त्याची बायको साळुबाई कधी जेवायची, याबाबत सदर घटना मौन बाळगते.)

साळुबाईचा तवा तापवायचा हात असा, की इतर बायकांची पहिली भाकरी रुसून बसते, हिची पहिलीच टम्म फुगायची. ती तव्यावरून थेट सयाजीच्या ताटात पडायची. मग तो तिला बोटानं भोक पाडायचा, वाफ निघून जाऊ द्यायचा, कोर मोडून कालवणात बुडवायचा आणि पहिल्या घासाला आपला अभिप्राय नोंदवायचा. अभिप्राय दोनच होते. एक, 'मीठ कमी हाय', आणि दुसरा, 'मीठ जास्ती हाय'. मीठ बरोबर असेल त्या दिवशी तो काहीच बोलायचा नाही आणि त्या न बोलण्यालाच प्रशस्तिपत्र समजावं, असा रिवाज होता. अशी प्रशस्तिपत्रं साळुबाईला चाळीस वर्षांत ढिगानं मिळाली. (ती मिळाल्याचं तिला कधी कळलं नाही, पण हा वाटपातला दोष झाला, त्याला सयाजी काय करणार?)

यात सयाजीचं काही चुकत होतं असं कुणी समजू नये. त्या पट्ट्यातल्या जाणकारांच्या पाहणीनुसार दहातले नऊ नवरे जेवताना फक्त मिठावर बोलतात. दहावा त्या दिवशी परगावी गेलेला असतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांची लेक हर्षाली पुण्याहून गाडी घेऊन आली आणि गाडीतून आधी एक कुत्रा उतरला. हर्षालीला कंपनीनं काही आठवड्यांसाठी परदेशी धाडलं होतं, जावई समर्थरावांची रात्रपाळी होती, म्हणून कुत्रा आजोळी. पिवळसर रंगाचा, पाटाएवढ्या पाठीचा लॅब्रॅडोर. नाव मफिन. त्याच्यासोबत त्याची गादी, त्याचं भांडं, त्याचा टॉवेल आणि त्याचा रेनकोट उतरला. हर्षाली पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा तिच्याबरोबर एवढं सामान नव्हतं, हे सयाजीनं मनात नोंदवून ठेवलं.

"आप्पा, त्याला पाकिटातलं काही द्यायचं नाही हं," हर्षाली म्हणाली. "घरचं, साधं. आणि शिळं तर अजिबात नाही."

"शिळं न्हाई तर मंग कुत्र्याला घालायचं तरी काय?" सयाजीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्यामागं कैक पिढ्यांचा अनुभव उभा होता. पण हर्षालीनं आईला ओट्यापाशी नेऊन मफिनचा आहार समजावून दिला. नाचणीची भाकरी नाहीतर मऊ भात. उकडलेलं चिकन, हाडं काढून, मग परत एकदा हात फिरवून. आठवड्यातून एकदा थोडीशी कलेजी. लाल भोपळा, गाजर, अंडं. खाऊ म्हणून नाचणी, केळं आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या वड्या, मंद आचेवर भाजून. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही, चहा नाही, मीठ नाही. आणि द्राक्षाचा एक मणीसुद्धा नाही. (नारायणगावची द्राक्षं समुद्र ओलांडून साहेबाच्या ताटात जातात, पण मफिनला सोसत नाहीत. याला म्हणतात घराणं.)

आता असा पाहुणा अंगणात बांधावा, तर शेजारी ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडचा बिबट्या माणसाच्या वाट्याला शक्यतो जात नाही, पण कुत्र्याचं आमंत्रण तो कधीच मोडत नाही. म्हणून दिवेलागणीला मफिनला घरात घ्यायचं ठरलं. पुढच्या खोलीत टीव्ही होता, त्याच्या आवाजानं तो भुंकायचा. मधल्या खोलीत टोमॅटोची रिकामी क्रेट होती. राहता राहिलं स्वैपाकघर. अशा रीतीनं, कुणाचाही काही वाईट हेतू नसताना, सदर श्वान तव्यापासून हातभर अंतरावर स्थानापन्न झाला.

आणि तिथंच घटनेला धक्का बसला. त्याचं असं झालं, की मफिनला गरम चालत नाही. त्याचं जेवण बोटाला गार लागलं पाहिजे. गार व्हायला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे ते आधी करायला पाहिजे. आधी करायचं म्हणजे तव्यावर पहिली भाकरी त्याची. हे सगळं इतकं शास्त्रशुद्ध होतं, की त्यात बोट घालायला जागाच नव्हती. पहिल्या संध्याकाळी सयाजी ताटावर बसला, तवा तापला, नाचणीची भाकरी टम्म फुगली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ताटाऐवजी सुपात गेली.

"अगं, पयली माजी असती."

"तुमाला गरम लागती, त्याला गार लागती. मंग आदी कुणाची टाकू? तुमीच सांगा."

 सयाजीनं दुसरी भाकरी खाल्ली. दुसरी भाकरी पहिलीसारखीच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांची पहिली अजून कुणी काढून घेतलेली नाही. सयाजीला ती रात्रभर डाचली. मळा गेला असता तर माणूस कोर्टात गेला असता. भाकरीसाठी कुठं जावं?

तरी त्यानं दाद मागायचं सोडलं नाही. पहिलं अपील त्यानं फोनवर हर्षालीकडं केलं. "आप्पा," ती तिकडून म्हणाली, "तुम्ही कुत्र्याशी भांडताय?" अपील फेटाळलं गेलं. दुसरं त्यानं पारावर गेणभाऊंपुढं मांडलं. गेणभाऊ एके काळचे सरपंच, सगळ्या गावाचे तंटे मिटवलेला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राव, तुजं बरं हाय. आमच्यात पयलं ताट मोबाईलला दावत्यात. सूनबाई चारी अंगांनी फोटू काढती, मंग गारढोण झालं की आमाला. तुजं कुत्रं निदान खातंय तरी."

तिसरा दरवाजा राहिलाच नाही. उलट कलेजी आणायचं काम सयाजीच्याच गळ्यात आलं. मंचरला पीरमहंमदचं चिकनचं दुकान, ओळख जुनी. तो सुरी पुसत म्हणाला, "ताजी कलेजी? कोन पावणं आलंत, सयाजीभाऊ?"

"कुत्र्याला पायजे."

पीरमहंमदची सुरी जागच्या जागी थांबली. "आवो, गेल्या साली तुमचं व्याही आलं, तवा तुमी स्वस्तातली पाठ आन मान नेली व्हती."

"ते व्याही व्हतं," सयाजी म्हणाला. 

रविवारी वड्या झाल्या. घरभर भाजलेल्या दाण्याचा वास सुटला. सयाजी पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून वास घेत होता. साळुबाईनं एक वडी फुंकर मारून मफिनपुढं धरली आणि म्हणाली, "आवडली का रं माज्या सोन्या?"

सयाजीच्या हातातला पेपर खाली आला. या घरात असा प्रश्न विचारायची सोय आहे, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रत्यक्ष स्थळपाहणी करायचं ठरवलं. साळुबाई वाळलेले कपडे आणायला मागं गेली होती. मफिनचं जेवण परातीत गार होत होतं आणि मफिन पुढं बसून, लाळेची तार लोंबू देत, नुसता बघत होता. साळुबाईनं 'खा' म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नसे. सयाजीला असली काही अट नव्हती. त्यानं चिमूटभर उचललं. कलेजी, भोपळा, कुस्करलेली नाचणीची भाकरी, वर चिकनचं पाणी. त्यानं मूठभर उचललं. मग मांडी घातली. पाहणी चांगली खोलात गेली आणि परातीचा तळ दिसायला लागला तेव्हा, चाळीस वर्षांची सवय, त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "मीठ कमी हाय!"

"ते कुत्र्याचं हाय," दारातून आवाज आला.

साळुबाई कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी होती. मफिननं एकदा तिच्याकडं, एकदा सयाजीकडं पाहिलं. चाडी करायची त्याला गरज नव्हती.

"त्यात मीठ नसतंच," ती म्हणाली. "तरी हे मुकं जनावर परात चाटून पुसून ठिवतं आन माज्या पायाशी येऊन बसतं. शेपूट तर थांबत न्हाई त्याची. चाळीस वर्सं मी तुमाला मिठाचाच जाब देतीया. कदी म्हनला का, साळू, आज बेस झालंय?"

"म्हनायचं कशाला? खातो की मी!"

"खातंय तर ते बी."

 साळुबाई कपड्यांच्या घड्या घालत बसली आणि तिनं नाक ओढलं. कांदा तर त्या दिवशी चिरलाच नव्हता. हे सयाजीच्याही ध्यानात आलं. 

मग त्यानं मफिनच्या कार्यपद्धतीचा अभ्यास आरंभला. निष्कर्ष असे निघाले. सदर प्राणी जेवण पुढं आल्याबरोबर करणारीकडं बघतो, टीव्हीकडं नाही. जेवताना तो दुसऱ्या कुणाच्या हातच्या चवीची आठवण काढत नाही. (सयाजी दर सणाला आपल्या आईच्या पुरणपोळीची काढायचा.) जेवण झाल्यावर तो उठून चालायला लागत नाही. आणि या साऱ्याबरोबर शेपूट हलवतो. पहिल्या तीन बाबी सयाजीच्या आवाक्यातल्या वाटल्या. चौथीसाठी पर्यायी व्यवस्था करणं भाग होतं.

दुसऱ्या संध्याकाळी, दुसऱ्या भाकरीचा पहिला घास गिळून, त्यानं घसा खाकरला आणि ताटाकडं बघत म्हणाला, "बेस झालंय."

साळुबाईचा हात तव्यावरच थांबला. मग ती उठली, पदराला हात पुसला आणि तो हात सयाजीच्या कपाळाला लावला. ताप नव्हता. "अवो, खरं सांगा," तिनं घाबरून विचारलं, "हायवेला जमीन मागणाऱ्यांच्या कागदावर सही तर दिऊन आला न्हाई ना?"

सही दिली नाही, हे पटवण्यातच ते जेवण संपलं. पण सयाजी हटला नाही. तिसऱ्या दिवशी तो तपशिलात शिरला. "वांग्यात तिळाचा कूट झ्याक लागलाय."  त्या दिवशी साळुबाईची तव्यावरची भाकरी करपली, अशी की मफिननंही मान फिरवली. सयाजीनं ती खाल्ली आणि "ही बी चांगली हाय" म्हणाला. हे धडधडीत खोटं होतं. तरी साळुबाईनं ते कसलीही हरकत न घेता दाखल करून घेतलं.

पुढं हर्षाली परत आली, मफिनला न्यायला. मफिन गाडीत मावेना, म्हणजे आला होता त्यापेक्षा चांगलाच भरला होता. साळुबाईनं वड्यांचे डबे दिले, लेकीला एक आणि मफिनला दोन. गाडी हायवेला लागेपर्यंत ती फाटकात उभी होती आणि, सांगायला हरकत नाही, सयाजीही होता. लई सवय झाली होती त्या लबाडाची.

त्या संध्याकाळी तवा तापला. पहिली भाकरी टम्म फुगली. साळुबाईनं सवयीनं ती गार व्हायला सुपात ठेवली आणि मग दोघांचंही लक्ष मफिनच्या रिकाम्या जागेकडं गेलं. तिनं भाकरी उचलली आणि सयाजीच्या ताटात वाढली. हक्क परत मिळाला. जिच्यासाठी त्यानं लेकीपासून पारापर्यंत सगळं पालथं घातलं होतं, ती भाकरी वाफेसकट समोर होती.

 सयाजीनं आपल्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडलं, भाकरी त्यात ठेवली, वर कालवण वाढलं (थोडं सांडलं, सराव नव्हता) आणि म्हणाला, "बस. पयली तू खा."

"मंग पुढच्या कोन टाकंल?"

"पुढच्या मागनं टाक. कालवण पडू दे गार. मला गार बी चालतं."

साळुबाई बसली. कोर मोडली, कालवणात बुडवली, घास घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "अवो, मीठ कमी पडलंय की आज!"

सयाजीनं तिच्याच ताटातली एक कोर मोडून कालवणात बुडवली आणि चावली. मीठ खरंच कमी होतं. अगदी अळणी होतं. "मला तर न्हाई लागलं," तो म्हणाला.

घटनेतली ही दुरुस्ती अजून लागू आहे. तिचा अंमल इतर घरांतही व्हावा, अशी साळुबाईची इच्छा आहे. म्हणून हे वाचून सयाजीला हसलेल्या सर्वांना कळवण्यात येतं, की आज सकाळी आपण काय खाल्लं, ते कुणी केलं आणि खाऊन झाल्यावर आपण त्या माणसाला काय म्हणालो, हे आठवून ठेवावं. काहीच म्हणालो नसल्यास अजून रात्रीचं जेवण बाकी आहे. शेपूट नाही, ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही.