सभापतींच्या मागावर शेषरावनाना

शेषरावनाना आमच्या शेतात येतात ते बांधापर्यंत मोटारसायकलवर आणि तिथून पुढं पोटावर. सहासष्ट वर्षांचा, चांगला धिप्पाड, मिशीवाला माणूस शेततळ्याच्या भरावावर सरपटत चढतो, वर पोचला की गवतातून फक्त डोळे बाहेर काढतो आणि पाण्याकडं बघत पडून राहतो. पहिल्या दिवशी आमच्या मोसंबीत खुरपायला आलेल्या बायांनी हे पाहिलं आणि माणूस मेला म्हणून बोंब ठोकली. नानांनी पडल्या पडल्याच ओठांवर बोट ठेवलं. मेलेल्या माणसानं गप्प बसायला सांगितल्यावर बाया आणखीच ओरडल्या.

मी मंठ्याला शाळेत शिकवतो. शेत वाटूरच्या रस्त्याला आहे. तिथल्या शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे आणि पाणी विहिरीचं, त्यामुळं तळाच्या कागदावरची घडीन्‌घडी दिसते. शेवाळ खातील म्हणून मी त्यात कधीतरी मासे सोडले होते. थोडे बगळ्यांनी खाल्ले, बाकीचे शेजाऱ्यांनी. उरला तो एक गवत्या मासा, हाताएवढा लांब आणि पोटानं सुटलेला. दिवसभर तो तळ्याला संथ फेऱ्या मारायचा. नानांनी त्याचं नाव ठेवलं ‘सभापती’.

“कामून नाना, सभापती कामून?” मी विचारलं.

“फिरून राह्यला, सगळ्यांला दिसून राह्यला, पण कामाच्या टायमाला हाती लागतो का कोणाच्या?”

नानांना सभापतींचा अनुभव दांडगा होता. तीस वर्षं त्यांनी बाजार समितीच्या मोंढ्यात हर्रास पुकारला. म्हणजे धान्याच्या ढिगापुढं उभं राहून व्यापाऱ्यांची बोली मोठ्यानं ओरडायची आणि शेवटी एक, दोन, तीन म्हणून बोली तोडायची, की सौदा पक्का. त्यांचा आवाज असा, की मोंढ्यात सोयाबीनची बोली सुरू झाली की बस स्टँडवर लोकांना कळायचं. पुढं मोंढ्यात पडद्यावर बोली लागायला लागली आणि नानांच्या गळ्याला काम उरलं नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या मुलानं त्यांना मोठा फोन घेऊन दिला. रिकामा माणूस आणि हातात फोन, मग काय विचारता! कोणी देवाची भजनं ऐकतं, कोणी गुडघ्यांवरचे उपाय बघतं. नानांना एक लाल दाढीचा गोरा सापडला. हा गोरा थंड देशातल्या नितळ तळ्यांच्या काठी दबा धरून बसतो, मोठा मासा डोळ्यांनी हेरतो आणि पिसांची खोटी माशी लांब दोरीच्या झोक्यानं त्याच्या तोंडापुढं अलगद ठेवतो. नानांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण त्या गोऱ्याचं सगळं त्यांना पटतं. घरच्या माणसांचं कधी इतकं पटलेलं मी पाहिलं नाही. मुलाकडून त्यांनी चार तुकड्यांची काठीही मागवून घेतली.

“पिठाची गोळी लावून कोणी बी धरंल मास्तर. त्याला मासे मारणं म्हणतेत. ही इद्या हाये.”

या विद्येचा पहिला बळी आमचा कोंबडा. मानेची तांबूस पिसं माशीच्या पंखांना ‘बराबर’ लागतात असं नानांचं मत पडलं आणि महिनाभरात कोंबड्याची मान उघडी पडली. तो आरवायचा बंद झाला. बहुधा त्या अवतारात लोकांचं लक्ष वेधून घ्यायची त्याला लाज वाटत असावी. काळ्या शेळीच्या शेपटीचे केस, माझ्या बायकोच्या शिलाईच्या डब्यातला हिरवा दोरा, असं करत नानांनी नाकतोडा बनवला. तो नाकतोडा सभापती सोडून सगळ्यांना चावला. दोरी आधी मागं झोकावी लागते, आणि मागं आमची मोसंबी. गळ फांदीत, गळ वाळत घातलेल्या साडीत, गळ माझ्या कॉलरीत. दोन वर्षांत नानांनी निदान पायलीभर मोसंबी पकडली असेल.

शिवाय नियम. पांढरे कपडे घालायचे नाहीत, मासा बिचकतो. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. नाना असताना विहिरीची मोटार चालू करायची नाही. बोलायचं तर कुजबुजायचं. नानांची स्वतःची कुजबूज मात्र रस्त्यावर ऐकू जायची. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, “आपल्याच शेतात आपण चोरावानी राहून राह्यलो. त्यो मासा एकदाचा धरा नाही तर मला तरी गळाला लावा.”

आणि खरी गंमत पुढंच. सभापती माशी घ्यायचा! महिन्यातून एखाद्या सकाळी तो वर यायचा, पांढरट तोंड उघडायचा आणि नाकतोडा आत घ्यायचा. तेवढ्यात झटका द्यायला हवा, नाही तर मासा खोटं ओळखतो आणि थुंकतो. पण नाना सुरू करायचे, “एक...” सभापती चव बघायचा. “दोन...” सभापती थुंकायचा. “तीन!” म्हणून नाना काठी ओढायचे आणि रिकामा नाकतोडा येऊन मोसंबीला लागायचा.

“नाना, एकवरच ओढा ना,” मी सांगून थकलो.

“तीनच्या आधी तोडली तर बेइमानी व्हते मास्तर. मोंढ्यात कधी तोडली न्हाई, हितं तोडू?”

“अहो, तो मासा आहे, व्यापारी नाही.”

“तोंडात घिऊन थुकतो म्हंजी व्यापारीच हाये!”

पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला.

यंदा मार्चमध्ये उंदरांनी तळ्याचा कागद कुरतडला. पाणी रोज वीतभर खाली जायला लागलं. उरलेलं बागेला देऊन तळं कोरडं करायचं आणि शनिवारी जालन्याच्या मासेवाल्यानं जाळं लावून असेल नसेल तो मासा न्यायचा, असं मी ठरवलं. नानांना हे सांगताना मी तोंड पाडलं होतं, पण खरं सांगायचं तर मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं. निदान आता पांढरा शर्ट घालून शेतात जाता येणार होतं.

नाना म्हणाले, “शनवारपर्यंत जाळं लावू नका. त्याच्या आत म्या धरतो. जाळ्यात घावला तर त्या सभापतीची काय इज्जत राह्यली?”

गुरुवारी सभापती वर आला आणि ‘दोन’ला थुंकून गेला. शुक्रवारी वारा होता.

शनिवारी सकाळी मासेवाला टेम्पो, जाळं आणि दोन माणसं घेऊन आला तेव्हा नाना भरावावर पालथे पडलेले होते. पाणी कमरेएवढं राहिलं होतं. मासेवाल्याची माणसं हसायला लागली. एक म्हणाला, “बाबा, टोपलीनं धरा, टोपलीनं!” नानांनी वळूनही पाहिलं नाही. सभापती कडेकडेनं येत होता. नानांनी काठी झोकली. कशी कोण जाणे, या वेळी दोरी कुठंच अडकली नाही. नाकतोडा सभापतीच्या वीतभर पुढं उतरला. मासा थबकला, तिरका वर आला आणि त्यानं तोंड उघडलं.

“एक,” नाना म्हणाले आणि काठी ओढली.

मी उडालोच. काठी पार वाकली, दोरी पाणी कापत पळाली, टोपलीवाला उड्या मारत “ढील द्या बाबा, ढील द्या” म्हणून ओरडायला लागला. आमच्या हिनं तर सगळे नियम मोडून शिट्टीच वाजवली. पंधरा-वीस मिनिटांनी नाना कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि सभापतीला दोन्ही हातांवर घेऊन वर आले. मासेवाला पिशवी घेऊन पुढं झाला. नानांनी नाही म्हणून मान हलवली. मासा आम्ही पाण्याच्या ड्रममधून नेऊन विहिरीत सोडला. तो एकदा वळला आणि खोल काळोखात दिसेनासा झाला. विहीर पन्नास फूट, तिथं कोणाची माशी पोचायची नाही.

सगळे टाळ्या वाजवत होते. नाना मात्र कडेला बसून काठीचे तुकडे एकेक करून सोडवत होते. मी शेजारी बसलो आणि चिडवलं, “शेवटी केलीच ना बेइमानी? एकवर तोडली!”

“नवा कागद कधी टाकता?” त्यांनी विचारलं.

“बघू. दिवाळीनंतर जमलं तर. नाही तर पुढच्या साली.”

नाना बोटांवर महिने मोजत राहिले. मग त्यांच्या मोठ्या आवाजात नाही, खरोखर हळू म्हणाले, “मास्तर, गेल्या साली बी धरला असता म्या. एकवर वढायचं असतं, त्या गोऱ्याच्या पहिल्याच व्हिडिओत हाये. पर धरला असता तर मंग दुसऱ्या रोजी हितं काय म्हणून आलो, असं इचारलं असतं ना तुमी?”

नानी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, तोही सुनेला आठवण झाली तर. हे सगळं मला ठाऊक होतं. पण सकाळी सहाला उठून एक माणूस आमच्या तळ्याकडं कशाला धावतो, हे मी दोन वर्षांत एकदाही मनाला विचारलं नव्हतं. वर शनिवारची वाट बघत होतो. माझी मलाच लाज वाटली.

आमची ही चहा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. नानांच्या हातात कप देत ती म्हणाली, “नाना, उद्यापासून मोसंबी उतरवायचीये. माणूस कमी पडून राह्यलं. तुमाला यावं लागंल बरं का.”

नानांनी बागेकडं पाहिलं. मीही पाहिलं. झाडांवरची फळं अजून बोराएवढी होती.

“बिलकुल येतो बाई,” नाना म्हणाले. “किती वाजता येऊ?”