वाळवीच्या चेहऱ्यावरचा आनंद

शाळेतल्या मुलांनी अभ्यासाबाहेरची पुस्तकं आपणहून, आवडीनं आणि निव्वळ आनंदासाठी वाचावीत, असा आदेश वरून आला. आपणहून वाचायला कधी सुरुवात करायची, तेही त्यात दिलं होतं: येत्या सोमवारपासून. जो आपणहून वाचणार नाही, त्याच्या पालकांना बोलावून घेतलं जाणार होतं.

ग्रंथपालबाईंना मात्र आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं ग्रंथालयात लोक यायचे ते पंख्याखाली डबा खायला, नाहीतर निवांत झोप काढायला. पुस्तकासाठी येणारी अख्ख्या शाळेत एकच, सातवीतली एक मुलगी. बाई तिला लाडानं वाळवी म्हणायच्या. मधल्या सुट्टीत ती शेवटच्या कपाटामागे फरशीवर फतकल मारून बसायची. कपाळाला आठ्या, तोंडात वेणीचं टोक, आणि घंटा झालेली तिला कधी म्हणून ऐकू यायची नाही. बाईंची स्वतःची मुलं पुस्तक दिसलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची, त्यामुळे बाईंचा सगळा जीव या परक्या पोरीत.

तर बाईंनी काय करावं? भर बैठकीत उठून सांगितलं, की आपल्याकडे एक मुलगी आधीपासूनच आनंदासाठी वाचते. तोंड मिटून बसल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं. पण कौतुक कुणाच्या पोटात राहतं का?

मुख्याध्यापकांनी तडकाफडकी आनंदवाचन समिती नेमली. तिच्यात स्वतः मुख्याध्यापक, व्यायामाचे सर आणि गणिताच्या बाई. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून वाचणारं कुणी घेतलं नाही. ही मंडळी खुर्च्या घेऊन कपाटामागे गेली आणि वाळवीचा आनंद बघत बसली. बराच वेळ झाला तरी आनंद काही दिसेना.

"हिला कुठे दुखतंय का?" व्यायामाच्या सरांनी हळूच विचारलं.

ग्रंथपालबाई समजावू लागल्या, की पुस्तक फार आवडलं की ती अशीच दिसते. तेवढ्यात पोरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. गोष्टीतलं कुणीतरी गेलं होतं बिचारं. मुख्याध्यापकांनी खिशातला आदेश काढून पुन्हा वाचला. आदेशात स्पष्ट 'आनंद' म्हटलेलं, आणि इथे शाळेच्या मालकीच्या पुस्तकानं विद्यार्थिनी रडतेय. त्यातच गणिताच्या बाईंच्या नजरेनं नेमकं टिपलं, की मुलगी पुढे जायचं सोडून मागच्या पानावर आली आहे.

"तेच पान परत का गं?"

"आवडलं म्हणून," वाळवी म्हणाली.

"एकदा वाचून कळलं नाही, असं सांग ना सरळ."

समितीचं एकमत झालं. मुलीला वाचनाची सवय होती, पण तिच्या वाचनात आनंद आढळून आला नव्हता. तिच्यासाठी शाळा सुटल्यावर खास वर्ग सुरू झाला. तो व्यायामाच्या सरांकडे, कारण त्यांच्याकडे शिट्टी होती. पाठ ताठ, वेणी मागे, पुस्तक छातीसमोर, ओठ दोन्ही बाजूंना सारखे ताणलेले. शिट्टी झाली की पान उलटायचं. मागचं पान बघायचं नाही. पुस्तक संपलं की उभं राहून काय बोध झाला ते सांगायचं. ज्या पुस्तकांतून बोध निघेना ती कपाटातून काढून टाकली, आणि वाळवीची आवडती झाडून सगळी त्यातच गेली.

वाळवीच्या वडिलांनाही बोलावलं. ते बस चालवायचे, गणवेशातच धावत आले. मुलगी वाचताना हसत नाही हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला. चाचरत म्हणाले, घरी तिला काही कमी नाही हो, ती वाचत असली की आम्ही टीव्हीसुद्धा बंद ठेवतो, तिच्या वाटेला जात नाही.

"तिथंच चुकलं," मुख्याध्यापक म्हणाले. "पोर मार्गदर्शनाशिवाय वाचत होती."

त्या दिवसापासून वाळवी घरीही आरशासमोर बसून वाचू लागली. वडील शेजारी शिट्टी घेऊन. लेकीवर जीव होता त्यांचा, काय करणार?

इकडे पद्धत अशी फळली की ती सगळ्या शाळेला लागू झाली. ग्रंथपालबाईंना राहवेना. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या पोरीला तेवढं मोकळं सोडा. तिचं वाचन सुटेल हो."

"अख्खी शाळा वाचायला लागलीय बाई, आणि तुम्ही एकीचं काय घेऊन बसलात?"

बाई आल्या पावली परत फिरल्या. खरं सांगायचं तर वरून पाहणी व्हायची होती, त्या दिवशी त्यांचाही सत्कार ठरला होता, आणि उत्तराचं भाषण पाठ करून झालं होतं.

पाहणीला मोठे साहेब आले. मैदानावर रांगाच रांगा, प्रत्येक चेहऱ्यावर हसू, आणि शिट्टीसरशी शेकडो पानं एकदम उलटत होती. साहेबांना गहिवरून आलं. सगळ्यांत सुंदर हसू पहिल्या रांगेतल्या वाळवीचं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, बक्षीस काय देऊ, नव्या पुस्तकांचा संच चालेल?

वाळवीचे ओठ जिथल्या तिथे होते.

"नको साहेब," ती म्हणाली. "मला आता वाचायला येतंय ना नीट? मग उद्यापासून नाही वाचलं तर चालेल का?"

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं टाळ्या सुरू केल्या. मुलगी विनयशील आहे, म्हणाले. ग्रंथपालबाईंचा सत्कार झाला. भाषण मध्येच सोडून त्या खाली बसल्या, ते आनंदानं, असं अहवालात आलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या कपाटामागे डोकावल्या. तिथे कुणीच नव्हतं. वाळवी मैदानाच्या कडेला नुसती बसली होती, हात मांडीत घेऊन. आपणच बोललो नसतो तर, असं म्हणत बाई फरशीवर बसून रडल्या.

समितीला आता घरोघरी आनंद न्यायचा आहे आणि त्यासाठी पालकांतून सदस्य हवे आहेत. हे वाचता वाचता ज्यांनी आपल्या पोराला हाक मारून, "हे घे, वाचनाबद्दल आहे, वाच आणि काय कळलं ते मला सांग," असं म्हटलं असेल, त्यांची निवड झालेली आहे. शिट्टी समितीकडून मिळेल.